जनरलीणबाईंच्या पंखाखाली

५ नोव्हेंबर

पोहोचलो एकदाचे! होडीतून उतरताना माझी एक चप्पल नदीत गेली, तान्ही रोसेन्दा माझ्या खांद्यावर ओकली, आणि चोनने काठावर पाय ठेवता ठेवता आईला अशी हाक मारली की पलीकडची कुत्रीसुद्धा भुंकायला लागली. मी हसून हसून बेजार. विल्याएर्मोसा शहरातल्या त्या एका खोलीत शेजाऱ्याची शिंक भिंतीतून ऐकू यायची. तिथून इथे एल हिकाकोला आलं की छाती आपोआप मोकळी होते. मागे केळी, पुढे नदी, मध्ये सासूबाईंचं पत्र्याचं घर, आणि अंगणभर कोंबड्या.

चोन चार दिवसांत समुद्रातल्या तेलविहिरीवर कामाला जाईल तो महिनाभर परत यायचा नाही. इथे फोनला रेंज नाही. म्हणून त्याने ही वही आणून दिली. म्हणाला, झेनाइदा, रोज लिहीत जा, पोरगी कधी पालथी पडली, कधी हसली, तू आईशी कितीदा भांडलीस, सगळं लिही, मी आलो की एका दमात वाचीन. तर चोन, हे सगळं तुझ्यासाठी आहे, आणि यापुढे मी तुझ्याशीच बोलते आहे असं समज.

तू सामान उतरवत होतास तेव्हा सासूबाईंनी मला पोसोलचा, मक्याच्या गार पेयाचा, वाडगा दिला. मग रोसेन्दाला उलटसुलट करून पाहिलं, तीन महिन्यांची पोर एवढीशी कशी म्हणून मला टोमणा मारला, तिच्या मनगटावरचा दृष्टीचा लाल दोरा घट्ट केला आणि माझा हात धरून मला अंगणात नेलं. या कोंबड्या आजपासून तुझ्या, म्हणाल्या. घरात सून आली की कोंबड्या सुनेच्या. त्यांच्या सासूनेही त्यांना अशाच दिल्या होत्या. पण एक गोष्ट कानात घालून ठेव पोरी, म्हणाल्या, घरावर येणारं दुखणं आधी कोंबड्या अंगावर घेतात. कोंबडी मेली की रडायचं नाही. मान तुकवायची आणि म्हणायचं, बरं झालं, पोर वाचली.

मी शहाण्या सुनेसारखी मान डोलावली. मनात म्हटलं, माझी एक जरी कोंबडी अशी मरू दिली तर नाव बदलीन. किती गोड आहेत रे सगळ्या! एक मानेवर पिसंच नसलेली, तिला मी नागडी म्हणते. एक पिवळी, एक शेपूटतुटकी, एक सारखी माझ्या पायात येणारी. आणि कोपऱ्यात अंड्यांवर बसल्या बसल्या या सगळ्यांवर हुकूम चालवणारी ती काळीभोर जाडी. तिचं नाव मी लगेच ठेवलं, जनरलीणबाई.

७ नोव्हेंबर

पहिलं दुःख. नागडी गेली. काल सकाळी संत्र्याच्या झाडाखाली दोन पाय आणि थोडा पिसारा, बाकी काही नाही. तलाकुआचेचं काम. कोंबड्या रात्री झाडावर झोपतात आणि तो मांजराएवढा उंदीरतोंड्या आरामात फांदीवर चढून पाहिजे ती उचलतो, बाजारात भाजी निवडावी तशी. मला रडू आवरेना. सासूबाई मात्र झाडाखाली मान तुकवून उभ्या राहिल्या, रोसेन्दाच्या टाळूवर हात ठेवला आणि म्हणाल्या, बरं झालं.

मी म्हटलं, अहो, खुराडं बांधू या. त्या म्हणाल्या, मग देवाने झाडाला फांद्या कशाला दिल्यात? मी म्हटलं, देवाने तलाकुआचेला नखंही दिलीत. यावर तू इतका हसलास की तुझ्या पाठीत केरसुणी बसली. शेवटी त्यांनी हात टेकले. बांधा बाबांनो, म्हणाल्या, बंगला बांधा, पलंग टाका, मच्छरदाणी लावा, आणि कोंबड्यांना सकाळी कॉफीही द्या.

तू दोन दिवस खपून बांधलंस. मी तुला सांगितलं नाही, पण खांबांवर पत्रा ठोकताना तू घामाने निथळत होतास आणि मी रोसेन्दाला कडेवर घेऊन तुला खिळे देत होते, तेव्हा मला वाटलं, हे आपलं पहिलं घर.

१० नोव्हेंबर

तू काल गेलास. होडी वळणावर दिसेनाशी झाल्यावर सासूबाई म्हणाल्या, रडायचं असेल तर आत्ता रड, नंतर मका सोलायचा आहे. मी थोडी रडले आणि मग मका सोलला.

खुराड्याचं कौतुक लिहिते, म्हणजे तुला बरं वाटेल. वेताचा कूड, त्यावर बारीक जाळी, खाली उकरून कोणी येऊ नये म्हणून कडेने नदीतले गोटे, दाराला दोन कड्या. तुझ्या तारेची काही टोकं बाहेर राहिली होती, त्यावर पिवळीचा पाय फाटला. मिठाच्या पाण्याने धुऊन फडकं बांधलं आणि सगळी टोकं दगडाने ठेचून आत वळवली. नर कोंबड्याच्या पायांवरच्या आऱ्या फार वाढल्या होत्या, माद्यांच्या पाठी ओरबाडल्या जात होत्या, त्याही घासून बोथट केल्या. संध्याकाळी सगळ्यांना आत हाकलते, एकेकीला हात लावून पाहते आणि मगच कड्या लावते. सासूबाई ओट्यावरून बघतात आणि विचारतात, सगळ्यांचे गालगुच्चे घेऊन झाले का?

जनरलीणबाई अंड्यांसकट खुराड्यात आल्या तरी खुडूकच बसल्या आहेत. अंड्यांवरून उठायचं नाव नाही. जवळ गेलं की फुगतात आणि टोचतात. माझ्या हातावर रक्त काढलंय. सासूबाईंनी अंड्यांखाली एक गंजका खिळा ठेवला, गडगडाटाने अंडी खराब होऊ नयेत म्हणून. पिल्लं दोन-तीन दिवसांत निघतील.

१३ नोव्हेंबर

निघाली! सकाळी चिवचिवाट ऐकून अर्धवट पाजलेल्या रोसेन्दाला तशीच घेऊन धावले. जनरलीणबाईंच्या पोटाखालून एक पिवळं डोकं बाहेर आलं, जगाकडे बघितलं आणि पुन्हा आत गेलं. रोसेन्दाला दाखवलं. ती हसली, चोन. खरंच हसली. सासूबाई म्हणाल्या, वारा सरला असेल पोटातला. पण त्याही हसत होत्या.

१५ नोव्हेंबर

आज दार उघडलं तर बसायच्या दांडीखाली रक्त. फार नाही, ताटलीभर वाळलेला डाग. आधी कोणाचं ते कळेना. एकेकीला उचलून पाहिलं तेव्हा शेपूटतुटकीच्या पायाच्या बोटावर बारीक चीर सापडली, नखाने काढावी तशी, आणि अजून ओलीच. रक्त गोठतच नव्हतं. तुरा फिकट पडला होता.

तेवढ्यात चेबामावशी होडीतून पाव विकायला आली. तुझी चेबामावशी म्हणजे काय विचारतोस! पलीकडच्या सडकेवरचं दुकान सांभाळून सगळ्या नदीची खबर ठेवते. बघताक्षणी म्हणाली, अगं, ही रक्तपिती वटवाघळं. अंगठ्याएवढ्या भोकातून येतात आणि कोंबडीच्या पायाशी बसतात. आत कंदील लाव, भोकं बुजव, पायांना राख फास. आणि सूनबाई, झाडावर झोपत होत्या तेव्हा असं काही नव्हतं हो, असं म्हणून तुझ्या आईकडे बघून डोळा मारला. तुझ्या आईला एवढं बोलणं पुरे झालं. दुपारभर तेच ऐकते आहे.

सांगितलं तसं सगळं केलं. कंदील लावला. जाळी दुहेरी केली. खांब आणि पत्रा यांच्या फटीत चिंध्या कोंबल्या. आता मुंगीला शिरायचं तर तिलाही परवानगी काढावी लागेल.

१७ नोव्हेंबर

शेपूटतुटकी मेली. पिवळीही मेली. दोघी दांडीखाली कुशीवर पडलेल्या, हलक्या, उचलल्यावर हातात नुसती पिसं आल्यासारखी वाटली. तुरे पांढरे. कड्या जशाच्या तशा. जाळी हाताने चाचपून पाहिली, चिंधीसुद्धा हललेली नाही. कंदील जळतच होता.

सासूबाईंनी मान तुकवली, दोनदा म्हणाल्या बरं झालं, आणि दोघींना केळीच्या बुंध्याशी पुरलं. खायच्या नाहीत, म्हणाल्या, त्यांनी आपलं अंगावर घेतलंय. मी म्हटलं, अहो, असं रोज एक गेली तर बरं काय झालं त्यात? त्या म्हणाल्या, कोंबड्या आहेत तोवर तुझ्या पोरीला काही होत नाही. तू अडवत बसू नकोस. जे न्यायला आलंय त्याला नेऊ दे.

मला एकच गोष्ट कळत नाही. खुराडं माझ्या खिडकीपासून हाकेच्या अंतरावर आहे. रोसेन्दाला पाजायला मी पुन्हा पुन्हा उठते. कोंबडीला साधा साप दिसला तरी ती सगळा गाव उठवते. मग मला काही ऐकू कसं आलं नाही? एकीनेही आवाज केला नाही. दोन जीव गेले आणि बाकीच्या शेजारी बसून राहिल्या.

१९ नोव्हेंबर

काल पहाटेपासून उत्तरेचं वारं सुटलंय. पत्रा थडथड वाजतो, पाऊस आडवा येतो, नदी तांबडी झाली. दुपार आणि संध्याकाळ यांत फरक नाही. कंदील वाऱ्याने विझतो. पायात घोटाळणारी ती माझी लाडकी, तीही आज गेली.

दुपारी खुराड्यात शिरले, पिल्लं गारठली का बघायला. आत काळोख. जनरलीणबाईंच्या पोटाखाली हात घातला. आज त्यांनी टोचलं नाही. मला आधी बरंच वाटलं, म्हटलं ओळख पटली. एक पिल्लू लागलं, दुसरं, तिसरं. मऊ, कोरडी, थरथरणारी. मग पार आत, तिच्या छातीला चिकटून, आणखी एक. ते मोठं होतं. अंगाने ऊन होतं. त्याच्यावर पिसं नव्हती, चोन. कातडी होती, सैल. मी हात ठेवला तसं ते माझ्या तळहातात शिरलं, डोकं घासलं आणि पिल्लासारखा आवाज केला. अगदी तसाच, बारीक.

मी हात काढला आणि बाहेर चिखलात बसले. जनरलीणबाईंनी पंख खाली केले, सगळ्यांना झाकून घेतलं आणि डोळे मिटले.

सासूबाईंना बोलावलं. आम्ही दोघींनी वाऱ्यात कंदील धरून कोंबडीला उचललं. खाली पिल्लं होती, नुसती पिल्लं. सासूबाई म्हणाल्या, बाळंतपणानंतर डोकं असंच फिरतं. मीही तसंच समजायचं ठरवलं आहे. पण हाताला वास येतोय. राखेने धुतला तरी येतोय. रोसेन्दाला डाव्या हातानेच घेते.

२० नोव्हेंबर

आज उजेड जरा बरा होता म्हणून जनरलीणबाईंना बाहेर आणलं. उलटं करून पाहिलं. पोटावरची पिसं गेलेली, कातडी सोललेली, तिथे त्या सगळ्या बारीक चिरा, जुन्या आणि नव्या, एकीवर एक. रक्त ठिबकत होतं. तुरा कांद्याच्या पातीच्या बुंध्यासारखा पांढरा. आणि तरी ती धडपडत परत आत जायला बघत होती. कोणीतरी बोलावतंय अशी. तिच्या डोळ्यांत भीती नव्हती, चोन. मला तेच बघवलं नाही.

सासूबाईंनी पाहिलं आणि या वेळी मान तुकवली नाही. मागे सरल्या. म्हणाल्या, तू म्हणाली होतीस त्या ओरडल्या नाहीत? एकही नाही? मी म्हटलं, एकही नाही. त्यांनी झोळीतून रोसेन्दाला उचलून घेतलं.

मग जे म्हणाल्या ते जसंच्या तसं लिहिते. दुखणं अंगावर घेणारी कोंबडी ओरडून मरते, पोरी. जी ओरडली नाही तिने काही अंगावर घेतलेलं नाही. तिने काहीतरी पोसलंय. वटवाघूळ येतं आणि जातं. हे जात नाही. याला रक्त नंतर लागतं, आधी आई लागते. त्यांच्या आईच्या वेळी नदीच्या वरच्या अंगाला एका घरात असंच खुडूक कोंबडीखाली काही वाढलं होतं. आधी कोंबड्या संपल्या. मग ओली डुकरीण. मग त्या घरची बाळंतीण. पुढे काय झालं ते मी विचारलं, तर त्या रोसेन्दाला छातीशी धरून आत गेल्या.

आणि मी इतके दिवस बरं झालं, बरं झालं म्हणत बसले, असं आतून म्हणाल्या. स्वतःशीच.

आपण सगळी भोकं बुजवली, चोन. बाहेरून. ते आत होतं.

२१ नोव्हेंबर

जनरलीण गेली. पंख पसरलेलेच होते.

सासूबाई म्हणाल्या, खुराडं जाळायचं, आतलं सगळं आत ठेवून. पिल्लंसुद्धा. मी म्हटलं, पिल्लांनी काय केलंय? त्या म्हणाल्या, त्या पंखाखाली जे जे होतं त्यातलं काहीही माझ्या उंबऱ्याच्या आत यायचं नाही. वेत भिजलेला, नुसता पेटणार नाही, म्हणून त्या रॉकेल आणायला होडी घेऊन चेबामावशीकडे गेल्या. मला शपथ घातली, तिकडे फिरकू नकोस.

मी शपथ पाळणार होते. पण पिल्लं ओरडत होती, चोन. पावसात, आईचं मढं कवटाळून, एकसारखी. इकडे झोळीत रोसेन्दाही रडायला लागली. दोन्ही आवाज एकात एक मिसळले. मी रोसेन्दाला उचललं नाही. मी दारात जाऊन उभी राहिले आणि माझं दूध उतरलं. पोलकं भिजलं. पिल्लांच्या आवाजाला.

गेले. आपल्याकडे सगळ्या बायका गारठलेली पिल्लं पोलक्यात घालतात, माझी आई घालायची, तुझीही घालते. तसंच केलं. एकेक पाहून घेतलं. चोच, पंख, पाय. देवाशपथ पाहून घेतलं. शेवटची दोन-तीन नुसत्या हाताने, कारण पाऊस डोळ्यात जात होता. चुलीमागे टोपलीत ठेवली, वर फडकं टाकलं.

सासूबाईंनी येऊन खुराडं जाळलं. काळा धूर नदीवर लोळत होता. त्या म्हणाल्या, संपलं. मला जवळ घेतलं. तुझी आई मला पहिल्यांदा जवळ घेत होती आणि मी टोपलीबद्दल बोलले नाही.

२२ नोव्हेंबर

टोपलीतली सगळी मेली. सासूबाईंना सापडली. हातात घेतली तर पोकळ. मी पाय धरले. त्यांनी नुसतं विचारलं, पोलक्यात घातलीस? मी हो म्हटलं. त्यांनी तोंडावर हात ठेवला.

घर उलथंपालथं केलं. मक्याची पोती, माळा, चुलीमागची लाकडं, तुझ्या जुन्या बुटांच्या आतसुद्धा. काही नाही. रोसेन्दाचं अंग बोट-बोट तपासलं. टाचा, काखा, कानांमागे. एक ओरखडा नाही. जीव भांड्यात पडला.

मग सासूबाई म्हणाल्या, आता तू.

डाव्या स्तनाखाली चीर. बारीक. ओली. मला काहीच कळलं नव्हतं. दुखत नाही.

२३ नोव्हेंबर

रोसेन्दा पीत नाही. जवळ घेतलं की तोंड फिरवते, पोलक्याचा वास घेते आणि किंचाळते. माझी पोर मला घाबरते.

खूप थंडी. नखं पांढरी. आणखी दोन चिरा. कधी झाल्या — मी झोपलेच नव्हते. का झोपले होते —

पलीकडे दुकानात डबाबंद दूध आहे, सडक आहे, डॉक्टर आहे. लाटा मोठ्या. होडीत या वाऱ्यात एक बाई आणि एक बाळ, बस. सासूबाई म्हणाल्या, तू जा पोरीला घेऊन, मी थांबते. मी म्हटलं, अहो, मी गेले तर ते माझ्याबरोबर येईल. मला काय झालंय ते तुम्हाला माहीत आहे. न्या तिला.

त्या रडल्या. मी नाही. रोसेन्दाला शालीत गुंडाळून त्यांच्या पाठीवर बांधलं. गाठ माझ्या हाताने मारली, दोनदा ओढून पाहिली. वारा पडला की चेबामावशीचा पुतण्या मोटरबोट घेऊन मला न्यायला येईल. होडी दिसेनाशी होईपर्यंत काठावर उभी होते. पोहोचल्या. पलीकडून कंदील हलवला. माझी पोर पोहोचली, चोन. हे एक काम मी नीट केलं.

आता दारं लावते. सगळी. आतून.

२३, नंतर

वारा. बोट नाही. उठलं की डोकं गरगरतं — पाणी प्यायले, पडून आहे — छपरात काही नाही, पाहिलं. पलंगाखाली पाहिलं. दिवा जवळ घेतला आहे.

झोपायचं नाही. लिहीत राहायचं.

तुझा आवाज आठवत होते — आठवेना —

नंतर

डोळा लागला वाटतं. दिवा गेला. खिडकीच्या फटीतून जेवढं येतं तेवढ्यात लिहिते.

रोसेन्दा रडत होती, बारीक. घेतली. पिते आहे, चोन! तोंड फिरवलं नाही, आपणहून शिरली पोलक्यात. सगळं अंग सैल झालं. इतक्या दिवसांनी बरं वाटतंय. किती ऊन आहे ती. जडही झाली आहे, चांगली जड —

दुखत नाही.

शाल शोधली, सापडेना, गोधडी ओढून घेतली तिच्यावर. हात हलला की ती तोंड काढते आणि कुरकुरते, म्हणून हळू लिहिते —

शाल. शाल तर मी रोसेन्दाला —

गाठ मीच मारली. मीच —

गोधडी वर करून पाहिलेलं नाही. पाहणार नाही. डोकं घासते आहे. तसाच आवाज.

ओरडायला हवं. तोंड उघडलं, आवाज निघत नाही — ओरडावंसं वाटत नाही —

चोन, आलास की आत येऊ नकोस. रोसेन्दाला घे आणि तिथूनच मागे फिर. मी हाक मारली तरी. तिच्या नावाने रडले तरी. तिला या घराच्या जवळ आणू नकोस. मला कळतंय सगळं, पण हिला खाली ठेववत नाही, ही अजून भुके